कॅन्सर रुग्णांसाठी गोटा: नाशकात कसा करायचा, निधी कसा जमवायचा आणि टक्कल कसं मिरवायचं

नाशकात तुळतुळीत डोक्याचा माणूस दिसला की समोरचा आधी गप्प होतो आणि मग हलक्या आवाजात विचारतो, "कोण गेलं?" आपल्याकडे हे साहजिकच आहे. रामकुंडावर बारा महिने दशक्रिया चालतात. क्षौर झालेले मुलगे, पुतणे पंचवटीतून परत जाताना आपण लहानपणापासून बघत आलोय. दुसरा अंदाज तिरुपतीचा किंवा नवसाचा. तिसरा आजारपणाचा, आणि तो तोंडावर कुणी बोलत नाही.

कॅन्सर रुग्णांसाठी पैसे जमवायला डोक्यावरचे केस काढायचे असतील तर नाशिककराने हे आधी ध्यानात घ्यावं. वस्तरा फिरायला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्याआधी महिनाभर काम असतं: लोकांना कारण कळवायचं, पैसा योग्य ठिकाणी पोचेल अशी सोय करायची आणि घरच्यांना सोबत घ्यायचं. एवढं जमलं की पुढचे दोन महिने टक्कल मिरवण्याचं सुख निर्धास्त उपभोगता येतं. आमच्या सोसायटीत आणि मित्रमंडळींत हे करून झालंय. त्यातलं जे कामाला आलं ते इथे सांगतो.

केसच का काढायचे

केमोथेरपीची बरीच औषधं शरीरातल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तितक्याच वेगाने वाढतात, म्हणून त्या मध्ये सापडतात. पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत उशीवर, कंगव्यात, न्हाणीघराच्या जाळीवर केस दिसायला लागतात. सगळ्या औषधांनी असं होत नाही. काहींनी केस नुसते विरळ होतात, काहींनी डोकं, भुवया, पापण्या सगळं जातं. रेडिएशनने मात्र ज्या भागावर किरण दिले तिथलेच केस जातात. उपचार संपले की बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात, कधी आधीपेक्षा कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे.

आपण केस काढले म्हणून कुणाचा आजार कमी होत नाही. पण रोज दिसणारा माणूस अचानक बिनकेसांचा दिसला की लोक थांबतात, विचारतात, ऐकून घेतात. त्या अर्ध्या मिनिटात मदत मागता येते. जगात याची मोठी परंपरा आहे. ऑस्ट्रेलियात ल्युकेमिया फाउंडेशन १९९८ पासून दरवर्षी डोकं भादरण्याचा मोठा उपक्रम करते, आणि अमेरिकेत सेंट बाल्ड्रिक्सची सुरुवात २००० साली विमा व्यवसायातल्या काही मित्रांनी लहान मुलांच्या कॅन्सरसाठी केली. पद्धत सगळीकडे एकच: मी केस काढतो, तुम्ही त्यासाठी देणगी द्या.

पैसा कुठे जाणार, हे सगळ्यात आधी

इथे घाई करू नका. लोकांचा विश्वास एकदाच मिळतो.

माझा आग्रह असा की पैसे स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या गुगल पे किंवा फोनपेवर घेऊच नयेत. तुमची नियत कितीही स्वच्छ असली तरी उद्या कुणी हिशेब विचारला तर तुम्हाला तुमचं सगळं पासबुक उघडावं लागतं. शिवाय सार्वजनिक निधी गोळा करायला आपल्या राज्यात नियम आहेत. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी काढतात ती उगाच नाही. संस्थेचाच खातेक्रमांक आणि संस्थेचाच क्यूआर कोड पाठवला की ही कटकट राहत नाही, आणि देणाऱ्याला पावतीही थेट मिळते.

संस्था निवडताना तिची नोंदणी, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं ८०जी प्रमाणपत्र आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद बघा. चांगली संस्था हे न कुरकुरता दाखवते. मुंबईत परळला असलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे आणि थेट देणग्या घेतं. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ ची, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ ची. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून उपचारासाठी आलेल्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची राहण्याची मोफत सोय करते. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाची अडचण बहुतेक वेळा इथेच येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा बराच खर्च निघतो. पण सुरगाणा, पेठ, कळवणहून आलेल्या घराला पुन्हा पुन्हा येण्याजाण्याचं भाडं, सोबतच्या माणसाचं राहणं-खाणं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. तेवढा काळ दर काही दिवसांनी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून परळ गाठायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

पैसा नाशकातच लागावा असं वाटत असेल तर शहरातल्या कॅन्सर विभाग असलेल्या रुग्णालयात जाऊन समाजसेवा अधीक्षकांना किंवा मेडिकल सोशल वर्करला भेटा. त्यांना विचारा, "आत्ता तुमच्याकडच्या रुग्णांना कशाची निकड आहे?" उत्तर बहुधा पोषक आहार, तपासण्या, प्रवासभाडं असं साधंसुधं येतं. अशी नेमकी गरज कळली की आवाहन करणं सोपं होतं. "कॅन्सरसाठी मदत करा" म्हटल्यावर लोक अंगठा पाठवून मोकळे होतात. "एका मुलाच्या आईला महिनाभर रुग्णालयाजवळ राहता यावं म्हणून" म्हटलं की खिशात हात जातो.

करसवलतीबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात: ८०जी असलेल्या अशा संस्थेला दिलेल्या देणगीवर साधारणपणे ५० टक्के वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर सवलत मिळत नाही. पावतीसाठी देणाऱ्याचा पॅन लागतो, तो त्याने संस्थेलाच द्यावा, तुमच्या व्हॉट्सॲपवर नको.

परदेशातल्या भावंडांचाही प्रश्न येतो. चुलतभाऊ अमेरिकेत राहतो पण पासपोर्ट भारतीय आहे, तर तो त्याच्या इथल्या खात्यातून रुपयांत देणगी देऊ शकतो. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. संस्थेला फोन करून हे आधीच विचारून ठेवा.

घरात बोलणी

आपल्या संस्कृतीत डोक्यावरच्या केसांना फार अर्थ चिकटलेले आहेत, आणि ते घरातल्या मोठ्यांच्या मनात जिवंत असतात. वडील हयात असताना मुलाने डोकं भादरायचं नाही, असं अनेक घरांत मानतात. त्यामुळे आईला हे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून कळता कामा नये. शेजारी बसून सांगा, कुणासाठी करतोय ते सांगा. नातेवाइकांत कुणाला कॅन्सर झालेला असतो, बहुतेक घरांत असतोच. त्या आत्याचं किंवा मामाचं नाव काढलं की विषयाला वेगळंच वजन येतं. आमच्याकडे ज्या आजी सुरुवातीला "हे काय अभद्र" म्हणाल्या, त्यांनीच नंतर भजनी मंडळात फिरून सगळ्यात जास्त देणगीदार जोडले.

बाईने केस काढायचे ठरवले तर घरातला विरोध जास्त खोलवरचा असतो, आणि तो समजून घ्यायला हवा. विधवांचं केशवपन काही घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत चालायचं. पणजीचा आलवणातला, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यातला फोटो अजून कपाटात असतो. या प्रथेविरुद्ध १८९० साली मुंबईत नाभिकांनी संप केला होता, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून, आणि सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. तेव्हा बळजबरीने केस काढले जायचे, आज एखादी बाई स्वतःच्या मनाने, कुणाला तरी मदत मिळावी म्हणून काढते, हा फरक सासूबाईंना शांतपणे सांगितला की त्यांना तो कळतो. लगेच नाही, पण कळतो.

नोकरीच्या ठिकाणीही कानावर घाला. सातपूर, अंबडच्या कंपन्यांत कुणी हरकत घेत नाही, उलट एचआरला सांगितलं तर नोटीस बोर्डवर पत्रक लागतं आणि कधी कंपनीही भर घालते. घरात लग्न जवळ असेल तर मात्र ते होऊन जाऊ द्या. भावाच्या हळदीतल्या फोटोंवरून पुढची वीस वर्षं ऐकून घ्यावं लागेल.

दिवस कोणता धरायचा

माझं मत विचाराल तर फेब्रुवारी. ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन आणि १५ फेब्रुवारी हा बालकर्करोगासाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस, म्हणजे आवाहनाला आयतं निमित्त मिळतं. हवामानही साथ देतं. डिसेंबर-जानेवारीत नाशकाचा पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही, आणि उघड्या डोक्याला ती थंडी बोचते. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीला टेकतं. फेब्रुवारीत दोन्हींतून सुटका. पावसाळाही वाईट नाही, पण पितृपक्ष टाळा. तेव्हा रामकुंडावर इतकी गर्दी असते की तुमचं डोकं त्यातलंच एक समजलं जाईल. २०२७ च्या सिंहस्थाच्या महिन्यांतही शहरात मुंडण केलेले भाविक सगळीकडे असतील, त्या काळात आवाहन उठून दिसणार नाही.

वारही बघा. मंगळवारी, शनिवारी आणि अमावास्येला केस कापायला घरातली मंडळी नाही म्हणतात, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. सोमवारी बहुतेक सलून बंद असतात. म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम करायचा असेल आणि कारागीर तिथे बोलवायचा असेल तर सोमवार संध्याकाळ सोयीची. त्याची सुट्टी मोडतेय, तेव्हा पूर्ण मोबदला ठरवून द्या. त्याने आपणहून घेतला नाही तर ती त्याची देणगी, तिचा उल्लेख सगळ्यांसमोर करा.

गोदाघाटावर किंवा उघड्या मैदानावर स्पीकर लावून कार्यक्रम करायचा तर महापालिका आणि पोलीस दोघांची परवानगी लागते. पहिल्यांदा करताना हॉल, गच्ची किंवा ओळखीचं सलूनच बरं.

आवाहन कसं लिहायचं

महिनाभर आधी पहिला मेसेज, आठवडाभर आधी आठवण, आदल्या दिवशी फोटो आणि झाल्यावर लगेच दुसरा फोटो. यापेक्षा जास्त मेसेज टाकले तर लोक ग्रुप म्यूट करतात. मेसेज असा असावा:

"नमस्कार मंडळी. ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, मी डोक्यावरचे सगळे केस काढणार आहे. घरी सगळे खुशाल आहेत आणि नवसही नाही! कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणासाठी मदत जमवतोय. पैसे माझ्याकडे देऊ नका, खाली संस्थेचं खातं आणि क्यूआर आहे. पाठवलेत की मला पावतीचा फोटो तेवढा टाका. शंभर रुपयेही आनंदाने. कार्यक्रमाला सहकुटुंब या, चहा आमच्याकडे."

"घरी सगळे खुशाल" हे वाक्य काढू नका. मेसेज पुढे पुढे सरकत गावाकडच्या मावशीपर्यंत जातो आणि नुसता टकलाचा फोटो बघून तिला रडू फुटलेलं आम्ही ऐकलंय.

रकमेचे टप्पे लावले की रंगत येते. इतके जमले तर मशीनने बारीक, इतके जमले तर वस्तरा, आणि त्याच्यापुढे गेलं तर मिशीही! सगळ्यात मोठ्या देणगीदाराला पहिली बट कापायचा मान द्या. कात्री चालेल, वस्तरा मात्र कुठल्याही हौशी माणसाच्या हाती देऊ नका.

वस्तऱ्याचा दिवस

केस लांब असतील तर आधी त्यांचं ठरवा. कॅन्सर रुग्णांच्या विगसाठी केस घेणाऱ्या संस्था साधारण १२ इंच लांबी मागतात. केस आदल्या दिवशी धुवून पूर्ण वाळवा, ओले केस बंद पिशवीत कुजतात. तेल लावू नका. घट्ट वेणी घाला, दोन्ही टोकांना रबर बांधा आणि वरच्या रबराच्या वरून कापा. जमिनीवर पडलेले सुटे केस कुणाच्या कामाचे नसतात. रंगवलेले किंवा स्ट्रेट केलेले केस काही ठिकाणी घेत नाहीत, आधी विचारा. एका विगला अनेकींचे केस लागतात, म्हणून दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून केलं तर उत्तम.

कारागीर निवडताना रोज वस्तऱ्याने डोकी करणारा निवडा. नाशकात अशी माणसं भरपूर आहेत. रामकुंड परिसरात पिढ्यानपिढ्या हेच काम करणारे नाभिक आहेत आणि त्यांचा हात बघण्यासारखा असतो. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या चकचकीत सलूनमध्ये फेड आणि डिझाइन सुरेख होतं, पण डोकं गुळगुळीत करायचा सराव सगळ्यांना असतोच असं नाही. सरळ विचारा.

ब्लेडबाबत मात्र तडजोड करू नका. नवं ब्लेड तुमच्यासमोर पाकिटातून काढून मोडून लावलं पाहिजे, आणि प्रत्येक माणसाला नवं. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो आणि एवढ्याशा ओरखड्यातूनही शिरू शकतो. वस्तऱ्याचा दांडा जंतुनाशकाने पुसून घ्यायला सांगा. सामूहिक कार्यक्रमात एक वेगळा माणूस फक्त हेच बघायला उभा करा. कार्यक्रमाला उपचार चालू असलेले रुग्ण येणार असतील तर हे आणखी गरजेचं, कारण त्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. त्यांच्या डोक्याला वस्तरा लावूच नये. त्यांना केस काढायचे असतील तर डॉक्टरांना विचारून मशीनने.

तुमच्या डोक्यावर तीळ, चामखीळ, जुनी टाक्यांची खूण असेल तर खुर्चीत बसायच्या आधी कारागिराचा हात धरून ती जागा दाखवा. केसांत त्याला ती दिसत नाही. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वस्तऱ्याऐवजी झिरो मशीनवर थांबा. दिसायला फारसा फरक पडत नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी मशीन, तीन नंबर, मग एक, मग झिरो. सरळ वस्तरा लावला तर लांब केस ओढले जातात आणि कातडी सोलवटते. झिरो झाल्यावर कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं डोक्यावर ठेवायचा, म्हणजे खुंट मऊ होतात. मग फोम.

इथून पुढे चांगल्या कारागिराचं काम शांतपणे बघा, आरशात दिसतं. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कातडी ताणून धरतात, उजव्या हातातला वस्तरा जेमतेम बोटभर सरकतो, उचलला जातो, पुसला जातो, पुन्हा टेकतो. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेला. खरखर असा बारीक आवाज कवटीच्या आतून आल्यासारखा ऐकू येतो. भोवऱ्यापाशी कारागीर थबकतो, कारण तिथे केस गोल फिरलेले असतात आणि एकाच दिशेने ओढून चालत नाही. मग तो मान थोडी वाकवतो आणि भोवऱ्याभोवती अर्धा-अर्धा इंच करत फिरतो. कान पुढे दुमडून त्याच्या मागची खाच, मग मानेची वळी. वस्तऱ्याचा दुसरा फेर आडवा फिरवायचा. उलट्या दिशेने, म्हणजे अगदी काचेसारखं करायचा मोह पहिल्या वेळी टाळा, त्याने केस कातडीतच वळून पुळ्या येतात.

शेवटी गार पाणी, तुरटीचा खडा, टिपून कोरडं. झोंबणारं आफ्टरशेव्ह अख्ख्या डोक्यावर ओतू नका. साधं कोरफडीचं जेल किंवा चार थेंब खोबरेल पुरे.

केस पडायला लागले की जमलेले लोक एकदम गप्प होतात आणि मग कुणीतरी लहान मूल हात लावायला येतं. लावू द्या. मुलांच्या मनातली भीती तिथेच जाते, आणि उद्या वर्गातली एखादी मैत्रीण केमो घेऊन बिनकेसांची आली तर ते मूल तिच्याकडे टक लावून बघणार नाही. माझ्या दृष्टीने जमलेल्या रकमेइतकंच हेही मोलाचं आहे.

पहिले दहा दिवस

डोक्याच्या कातडीने वर्षानुवर्षं ऊन बघितलेलं नसतं. चेहरा सावळा आणि डोकं पांढरंफेक दिसतं, ते दोनेक आठवड्यांत सारखं होतं. तोपर्यंत घराबाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं सनस्क्रीन डोक्यावर, कानांच्या पाळ्यांवर आणि मानेवर लावा. दिवसभर बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. त्यावर सुती टोपी किंवा उपरणं. गांधी टोपी तर अशी बसते की जणू याच डोक्यासाठी शिवली होती.

हेल्मेट सैल वाटेल, पट्टा पुन्हा आवळा. आतलं अस्तर धुवून घ्या आणि खाली पातळ सुती टोपी घाला, नाहीतर घाम आणि घर्षणाने पुरळ येतं. पुरळ आलंच तर आठवडाभर वस्तरा बंद. पू धरला किंवा पसरत गेलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

डोकं नीट बघायची ही संधीही सोडू नका. आरशासमोर दुसरा आरसा धरून किंवा कुणाकडून फोटो काढून घेऊन सगळे तीळ बघून ठेवा. वेडावाकडा, वाढत चाललेला, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ असेल तर डॉक्टर गाठा.

आता मजा

पहिली अंघोळ! तांब्यातलं पाणी डोक्यावर ओतल्यावर ते थेट कातडीवर पडतं आणि क्षणात मानेवरून उतरतं, असा अनुभव जावळ काढल्यानंतर आपल्याला मिळालेलाच नसतो. पुसायला पंचाचा एक फेर पुरतो. शाम्पू, कंगवा, जेल कपाटात. सकाळची दहा मिनिटं हातात उरतात.

संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला जा, वारा सुटलेला असतो. तो डोक्यावरून असा सरळ फिरतो की डोळे मिटावेसे वाटतात. मिसळ खा, झणझणीत, आणि टाळूवर घामाचे थेंब कसे उगवतात ते अनुभवा. पावसाळ्यात केस काढले असतील तर त्र्यंबक रोडला पहिली सर अंगावर घ्या, एकेक थेंब वेगळा कळतो. रात्री आईकडून किंवा बायकोकडून कोमट तेलाची मालिश करून घ्या. झोप कधी लागली ते समजत नाही.

बायकांना आणखी एक गंमत मिळते. कानातले एकदम उठून दिसतात. ठसठशीत झुमके, मोठी टिकली, काठापदराची साडी आणि उघडं डोकं असं मैत्रिणीचं रूप बघून हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी बिचकल्या आणि मग तिच्यासोबत फोटोसाठी रांगेत उभ्या राहिल्या. डोकं झाकायचं की मिरवायचं हे तिचं तिने ठरवावं. माझं म्हणणं एवढंच, की ज्या कारणासाठी केस काढले ते कारण लपवण्यासारखं नाही.

"कोण गेलं?" हा प्रश्न तरीही येत राहील, भाजीवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून, जुन्या शिक्षकांकडून. वैतागू नका. विचारणाऱ्याने तुमच्या दुःखात सहभागी व्हायची तयारी दाखवलेली असते. हसून सांगा, "कुणी नाही गेलं काका, कॅन्सरच्या पेशंटसाठी पैसे जमवतोय," आणि मोबाइलच्या मागच्या बाजूला चिकटवलेला संस्थेचा क्यूआर पुढे करा. आमच्याकडे बरीच रक्कम कार्यक्रमानंतर अशी रस्त्यावर जमली. त्याच गप्पांत माणसं स्वतःहून सांगायला लागतात, आमच्या हिला झाला होता, भावाला तंबाखूने झाला. ऐकून घ्या. तंबाखू मळत उभा असलेला माणूस ऐकत असेल तर तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असल्यास तपासून घ्यायलाही सांगा.

रुग्णासमोर जाताना

ओळखीच्या कुणासाठी म्हणून केस काढणार असाल तर त्यांना आधी विचारा. काहींना फार बरं वाटतं. काहींना तुमचं टक्कल बघून स्वतःच्या आजाराचीच आठवण होते, आणि काहींना आपल्या आजाराचा गाजावाजा नको असतो. नाही म्हणाले तर त्यांचं नाव, फोटो कुठेही येऊ देऊ नका. मदत मात्र जमवा. भेटायला गेलात तर "आता आपण दोघं सारखे" असं म्हणू नका. तुमचे केस हौसेने गेलेत. त्यापेक्षा विचारा, पुढच्या डोसला गाडीने सोडायला येऊ का? डबा देऊ का?

लहान मुलांच्या वॉर्डात कार्यक्रम म्हणून घोळक्याने जाणं टाळा. संसर्गाचा धोका असतो. रुग्णालय सांगेल तेव्हा, सांगेल तितकेच जण, मास्क लावून.

हिशेब आणि परतीचे केस

कार्यक्रमानंतर आठवडाभरात संस्थेकडून एकूण रकमेचं पत्र मागवा आणि ज्या ज्या ग्रुपवर आवाहन टाकलं होतं तिथे ते टाका. खर्च झाला असेल, चहा, हॉल, कारागिराचा मोबदला, तर तो आयोजकांनी खिशातून केला हेही लिहा. देणगीतून एक रुपयाही खर्चायचा नाही असं आधीच ठरवलेलं बरं. शंभर रुपये देणाऱ्याचेही वेगळे आभार माना.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खुंट टोचायला लागतात आणि उशीच्या अभ्र्यात अडकतात, तेव्हा सुती अभ्र्याऐवजी गुळगुळीत कापडाचा घ्या. दोन आठवड्यांनी हात फिरवत बसावंसं वाटेल असा मऊपणा येतो. वस्तरा फिरवल्याने केस दाट येतात ही समजूत खरी नाही. टोक बोथट कापलं गेल्यामुळे ते नुसते राठ लागतात. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस कानांवरचे केस वरच्यापेक्षा जास्त फुललेले दिसतात. तेव्हा त्याच कारागिराकडे जाऊन फक्त बाजू आणि मान बारीक करून घ्या, वरचे राहू द्या. टक्कलच आवडायला लागलं असेल, आणि अनेकांना लागतं, तर दर तीन-चार दिवसांनी झिरो मशीन घरच्या घरी फिरवता येतं. मशीनचं पातं दर वेळी ब्रशने साफ करून एक थेंब तेल सोडा, आणि ते घरात दुसऱ्या कुणाला वापरू देऊ नका.